खडक पथकाच्या दोन रात्री

बुलढाण्याजवळच्या धाड गावातील विहीर व खडक उपकार्यालयातील कनिष्ठ लिपिक लक्ष्मीकांत याला एकच बँड सलग दोन रात्री पाहायचा होता. यात बेकायदेशीर असं काहीच नव्हतं. महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि नव्या राज्यात कोणत्याही नागरिकाला कोणताही बँड कितीही वेळा पाहण्याची पूर्ण मुभा होती. तो नागरिक सरकारी नोकर नसावा, आणि असलाच तर त्याने आधी रजा मंजूर करून घ्यावी, एवढीच काय ती अट होती.

कार्यालयाचं काम मोठं जबाबदारीचं होतं. धाडच्या आजूबाजूला विहीर खणायला घेतली की खाली खडक लागतो. पण जो लागला तो खडकच आहे, हे शेतकऱ्याने परस्पर ठरवायचं नसतं. कार्यालयाच्या प्रमुखाला विहिरीपाशी जाऊन, आत वाकून पाहून, "खडक" असं म्हणावं लागतं. तसं म्हटलं की बुलढाण्याहून सुरुंगवाला येतो. म्हटलं नाही तर तो 'कठीण मुरूम' समजला जातो, आणि मुरूम शेतकऱ्याने स्वतःच्या हिमतीवर खणायचा असतो.

निवृत्ती नावाच्या मळेवाल्याच्या विहिरीला मागच्या उन्हाळ्यात असाच खडक लागला होता. तो वांगी-मिरच्या पिकवी. धाडच्या बाजारात माल विकून झाला की रिकामी टोपली काखेत मारून तो कार्यालयात येई आणि आपला खडक खडक झाला का, म्हणून विचारी. लक्ष्मीकांत त्याला अदबीने बसवून पाणी देई आणि पुढच्या बाजारी यायला सांगे. निवृत्तीचं पुढे येईलच. आधी बँडचं पाहू.

बँडचं नाव 'द स्टीम बॉईज'. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली ही चार पोरं, बापजादे इंजिन चालवणारे, आणि यांच्या गळ्यात गिटारी. लग्नाच्या वरातीपुढे वाजतो तो बँड हा नव्हे, हे लक्ष्मीकांताने आख्ख्या धाडला समजावून पाहिलं होतं. हा रॉक बँड. याला नवरदेव लागत नाही. आदल्या वर्षी आतेभावाच्या लग्नाला भुसावळला गेला असताना त्याने तो चुकून पाहिला आणि तेव्हापासून तो माणसात नव्हता. त्यांचं शेवटचं गाणं म्हणजे उभ्या इंजिनाचं सुटणं होतं. आधी वाफ, मग एक झटका, मग चाक, मग घाट, आणि मग सुसाट. पण त्या रात्री इंजिनाला पहिला झटका बसला आणि गावाची वीज गेली. दुसऱ्या रात्री इंजिन पूर्ण धावलं, लोक खुर्च्यांवर चढले, असं त्याला मागाहून कळलं. तोवर तो धाडला परतून खडकांच्या नोंदी करत बसला होता. ते अर्धं राहिलेलं इंजिन वर्षभर त्याच्या छातीत वाफ सोडत उभं होतं.

आता तीच पोरं खामगावला येणार होती. कापसाचा हंगाम संपल्याच्या आनंदात एका जिनिंग मालकाने आपल्या आवारात बुधवार-गुरुवार असे दोन कार्यक्रम ठेवले होते. खामगाव हे लक्ष्मीकांताच्या बायकोचं, शैलजेचं माहेर. राहण्याजेवणाची सोय जावयाला शोभेल अशी. उरली होती फक्त रजा.

रजा द्यायची ती सरपोतदार साहेबांनी. साहेब पुण्याचे. राज्याचा कारभार मराठीतून चालवायचा असं ठरलं तेव्हा बाकीच्या साहेबांनी मान डोलावली. सरपोतदारांनी ते जिवाला लावून घेतलं. त्यांच्या कार्यालयात टेबलाचं मेज झालं, फाइलीची नस्ती झाली, पेनाची झरणी झाली आणि जीपची शासकीय चतुश्चक्री झाली. त्यांनी एक नियमही घातला: जो कोणी इंग्रजी शब्द उच्चारील, त्याचं ते वाक्य कार्यालयाने ऐकलेलं नाही असं समजण्यात येईल. त्यामुळे पंप, मोटार आणि पाइप यांबद्दलच्या सगळ्या तक्रारी एका आठवड्यात बंद झाल्या. एका म्हाताऱ्याने इंजिनाला 'विंजन' म्हटलं, तेव्हा तो शब्द इंग्रजी धरावा की अपभ्रंशाने मराठी झालेला, यावर साहेबांनी अख्खा दिवस विचार केला. तोवर म्हातारा घरी निघून गेला होता.

अशा साहेबांसमोर लक्ष्मीकांत उभा राहिला.

"साहेब, दोन दिवसांची रजा पाहिजे होती. खामगावला रॉक बँड येतोय."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. वाक्य ऐकलं गेलं नव्हतं.

लक्ष्मीकांताने घाम पुसला. डोक्यात कोश उघडला. रॉक म्हणजे काय? खडक; तो तर रोजच्या कामातला. आणि बँड म्हणजे पथक.

"साहेब, खामगावला खडक पथक येतंय."

सरपोतदार साहेब खुर्चीत ताठ झाले. "कसलं पथक?"

"खडक पथक. सलग दोन रात्री कार्यक्रम आहे. जिनिंगच्या—" साहेबांची नजर पुन्हा खिडकीकडे वळू लागली. "सरकी काढतात त्या कारखान्याच्या आवारात."

"माणसं किती?"

"चौघं."

"फक्त चौघं? आणि साधनं? घण, पहार?"

"नाही साहेब. विजेवर चालतात. तारा जोडलेल्या असतात."

"विजेवर!" साहेबांचा आवाज चिरकला. "आवाज होत असेल?"

"छाती हादरते साहेब. भुसावळला समोरच्या घराची कौलं हलली होती."

"पण रात्री का?"

"रात्रीच रंग चढतो."

"मग एका रात्रीत काम का होत नाही? सलग दोन कशाला?"

हा प्रश्न लक्ष्मीकांताच्या वर्मावर बसला. आपण कोणापुढे बोलतोय हेच तो विसरला. "साहेब, पहिल्या रात्री नुसती ओळख होते. जागा नवी, माणसं नवी, हात बसायचा असतो. दुसऱ्या रात्री ते मोकळे होतात. जे फुटायचं ते दुसऱ्या रात्री फुटतं."

साहेब उठून येरझारा घालू लागले. आपल्या कार्यालयात अजून घण चालतो, आणि तिकडे खामगाव उपकार्यालयाने विजेवर चालणारं खडक पथक उभं केलं! तेही गुपचूप, रात्री! खामगावच्या साहेबांनी बढतीची तयारी चालवली आहे, हे त्यांना लख्ख दिसू लागलं.

"रजा नामंजूर," ते म्हणाले. "शासकीय काम रजेवर पाहणं ही शिस्तभंगाची बाब आहे. आणि कनिष्ठ लिपिकाने खडक पाहणं तर अधिकारबाह्यच. पाहणी मी स्वतः करीन. सोबत वरिष्ठ लिपिक रंगराव."

"साहेब, ते खडक म्हणजे—" लक्ष्मीकांत बोलू लागला, तोच मागून रंगरावांनी त्याचा दंड धरला आणि त्याला व्हरांड्यात आणलं. रंगराव जुने, पान खाणारे, आणि बंद दारातूनही सगळं ऐकू येणारे.

"चूप बस बे! काय सांगून राह्यला साहेबाले?"

"खरं ते सांगून राह्यलो. ते गाणंबजावणं हाय, रंगरावजी."

"मले मालूम हाय. माह्या भाच्यानं सांगतलं मले. म्हनूनच तं मी जाऊन राह्यलो."

"अन् मी?"

"तू लहान हाय अजून. तुले बँड पाहाले अख्खी जिंदगी पडली." रंगरावांनी पिंक टाकली. "माही रिटायरमेंट आली."

बुधवारी दुपारी शासकीय चतुश्चक्री निघाली. चालक सहदेव, शेजारी साहेब, मागे रंगराव, अंगावर इस्त्रीचा सदरा आणि मनगटाला अत्तर. गाडी सुरू झाली तसं साहेबांना आठवलं. घाईघाईत डोकं बाहेर काढून ते म्हणाले, "लक्ष्मीकांतराव, चार्ज तुमच्याकडे!" धुरळा उडाला आणि बसला, तेव्हा लक्ष्मीकांत कार्यालयाच्या पायरीवर एकटा उभा होता.

त्या संध्याकाळी घरी पिठलं झालं होतं, पण कोणाच्या घशाखाली उतरेना. शैलजेने माहेरी निरोप धाडला होता, नवं लुगडं काढून ठेवलं होतं. नवऱ्याने वर्षभर तोंडाने वाजवून दाखवलेलं इंजिन तिलाही एकदा खरं ऐकायचं होतं.

"तुमच्या साहेबाले मराठी येते का नाई?" ती म्हणाली.

"मराठीच तं येते. तोच घोटाळा झाला ना."

"आता ते पोट्टे वाजवत असतीन."

"पहिली रात्र हाय. पहिल्या रात्री काई खरं नसते," लक्ष्मीकांत म्हणाला. मग तो भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला खरोखर रडू येत होतं, आणि बँडसाठी रडलं तर लोक काय म्हणतील म्हणून तेही येऊ देता येत नव्हतं.

गुरुवारी दुपारी जीप परत आली, पण रिकामी. सहदेव उतरला तो हसतच.

"साहेब कुठं?" लक्ष्मीकांताने विचारलं. शैलजा त्याचा डबा घेऊन आली होती, तीही पुढे झाली.

"साहेब थांबले. म्हनते, पहिल्या रात्री नुसती ओळख झाली, फुटायचं ते आज फुटते. मले पेट्रोल टाकून अन् साहेबाचा दुसरा सदरा घेऊन वापस बलावलं."

"अरे पण त्याईले समजलं का नाई, का ते गाणं हाय?"

"पहिल्या ठोक्यालेच समजलं! तोंड पाहाले पाहिजे होतं तुम्ही. मंग रंगरावजीनं कानात सांगतलं, साहेब, आता गाणं म्हटलं तं सरकारी गाडी घेऊन गाण्याले आलो असा अर्थ निंघते. खडकच म्हना. साहेब म्हने, खडकच हाय. अन् मंग जे पाय आपटू लागले बापा! वन्स मोअर, वन्स मोअर वरडले. रंगरावजीनं याद देली, साहेब, इंग्रजी हाय, ऐकू नाई गेलं. तं साहेब खुर्चीवर उभे राहून वरडले, 'पुनश्च! पुनश्च!' सारं खामगाव वरडू लागलं पुनश्च!"

लक्ष्मीकांत मटकन पायरीवर बसला. "अन् मी इथं चार्ज सांभाळून राह्यलो."

शैलजा डबा उघडता उघडता थांबली. "काय सांभाळून राह्यले?"

"चार्ज. साहेबानं जाताना म्हटलं ना."

"हेच म्हटलं? चार्ज? का कार्यभार म्हटलं?"

"चार्ज म्हटलं. सहदेव साक्षी हाय."

"मंग ते इंग्रजी हाय," शैलजा म्हणाली. "तुमच्या हापिसानं ते ऐकलंच नाई."

लक्ष्मीकांताने नियम मनातल्या मनात शब्दशः म्हणून पाहिला. नियम साहेबांनाही लागू होता. कार्यभार त्याच्याकडे नव्हता, कधीच नव्हता, काल दुपारपासून तो उगाच एका न ऐकलेल्या वाक्याच्या ओझ्याखाली बसला होता. त्याने उठून शैलजेला डोळे भरून पाहिलं. अशी बायको नशिबाने मिळते, आणि अशी कार्यालयात असती तर एव्हाना साहेब झाली असती, असं त्याला वाटलं.

शैलजा पळत जाऊन लुगडं बदलून आली. कुलूप लागलं. दोघं जीपमध्ये चढतात तोच समोरून निवृत्ती धावत आला, आणि मागून खांद्यावर पिशवी घेतलेला एक माणूस.

"बाबू, थांबा! सुरुंगवाला आला ना! दुसऱ्याच्या कामाले आला होता, मी हातापाया पडून आणला. तुम्ही फक्त विहिरीपाशी या अन् एकडाव 'खडक' म्हना. ह्या इथं हाय मळा."

लक्ष्मीकांताचा एक पाय जीपमध्ये आणि एक खाली होता. 'खडक' म्हणायला वेळ लागणार नव्हता. पण खडक म्हणायचा अधिकार ज्याच्याकडे कार्यभार असेल त्याला. आणि एकदा खडक म्हटलं, की कार्यभार स्वीकारल्यासारखं झालं. कार्यभार स्वीकारला, की खामगाव गेलं.

"निवृत्तीभाऊ, माझ्याकडे कार्यभारच नाही," तो अगदी कळवळून म्हणाला. "उद्या या."

त्याने खालचा पाय वर घेतला. जीप बुलढाण्याच्या रस्त्याला लागली आणि शैलजेने आनंदाने त्याचा हात दाबला.

खामगावच्या त्या रात्रीबद्दल काय सांगावं! कापसाचा बारीक कचरा अजून आवारात उडत होता आणि दिव्यांच्या झोतात तो नाचत होता. पोरं खरोखरच मोकळी झाली होती. ढोलवाला तर काल आला तो नुसता त्याचा धाकटा भाऊ असावा, असं कालचे लोक सांगत होते. शेवटी इंजिन आलं. वाफ सुटली. पहिला झटका बसला. लक्ष्मीकांताने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. वीज गेली नाही. चाक फिरलं, घाट लागला, गिटारी धापा टाकत चढल्या आणि माथ्यावरून जे सुटल्या ते सुटल्याच. लक्ष्मीकांत हसत होता, त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, शैलजा खुर्चीवर चढली होती, आणि वर्षभर छातीत उभं असलेलं ते इंजिन एकदाचं निघून गेलं. इतका निखळ आनंद त्याला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

"लक्ष्मीकांतराव!" शेजारच्या खुर्चीवरून साहेब गरजले. त्यांचा सदरा घामाने चिंब झाला होता. "तुम्ही इथे? आणि चार्ज?"

"ऐकू आलं नाही, साहेब."

आपलाच नियम आपल्याला भेटला की माणसाला जरा वेळ लागतो. मग साहेब खळखळून हसले आणि दोघं मिळून ओरडले, "पुनश्च!"

इथे खरं म्हणजे सगळं संपायला हवं होतं. पण सरकारी गाडी फिरली की अहवाल द्यावा लागतो, आणि अहवालात गाणं लिहिता येत नव्हतं. साहेबांनी लिहिलं: "सदर खडक पथक केवळ चार कर्मचाऱ्यांच्या बळावर, विद्युत साधनांद्वारे, सलग द्विरात्र ध्वनिआघात करते. पहिल्या रात्री परिचय व दुसऱ्या रात्री भेद, अशी त्याची कार्यपद्धती आहे. उपस्थितांपैकी कठीणात कठीण घटकही दुसऱ्या रात्री पूर्णतः विरघळल्याचे निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः अनुभवले." यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच वरचं कार्यालय खूश झालं. असं उत्साहाने लिहिलेलं काही त्यांच्याकडे आजवर आलंच नव्हतं. उलट टपाली हुकूम आला: हे पथक धाडला आणून सर्वांत जुन्या प्रलंबित खडकावर त्याचा प्रयोग करावा.

सर्वांत जुना प्रलंबित खडक निवृत्तीचा होता. मग मात्र काम झपाट्याने झालं. साहेब स्वतः मळ्यात गेले, विहिरीत वाकले आणि म्हणाले, "खडक." निवृत्तीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मंग सुरुंगवाल्याले बलावू, साहेब?"

"सुरुंग आता कसा मिळेल?" साहेब म्हणाले. "तुम्हाला पथक मंजूर झालं आहे. एकाच खडकाला सुरुंग आणि पथक असा दुहेरी लाभ देता येत नाही."

आणि स्टीम बॉईज धाडला आले. फिरत्या सिनेमावाल्याचं जनित्र विहिरीच्या काठाला लागलं, मोठमोठे भोंगे खाली खडकाकडे तोंड करून बांधले गेले. भुसावळच्या पोरांना जागा जरा विचित्र वाटली, पण इतकं रसिक सरकार त्यांनी पाहिलं नव्हतं, म्हणून ती काही बोलली नाहीत. गर्दी तर अशी की वरवट बकालपासून बैलगाड्या जुंपून लोक आले. निवृत्तीचे मिरचीचे वाफे कोणाच्या पायाखाली गेले ते कोणालाच कळलं नाही. पहिल्या रात्री खडकाला चीर गेली नाही. साहेब निश्चिंत होते. "अपेक्षितच आहे," ते म्हणाले. "जे फुटायचं ते दुसऱ्या रात्री फुटतं." लक्ष्मीकांताने मान डोलावली. त्याच्या नशिबात आणखी दोन रात्री, त्याही सलग, आणि त्याही गावातच आल्या होत्या.

दुसऱ्या रात्री इंजिन सुटलं. विहिरीतून घुमून ते दुप्पट मोठं झालं, आभाळाला जाऊन भिडलं आणि थांबलं. क्षणभर कोणाला टाळ्यासुद्धा सुचल्या नाहीत. त्या शांततेत निवृत्ती कंदील घेऊन काठावर वाकला होता. खाली पाहून तो लक्ष्मीकांताकडे वळला.

"बाबू, खडक तं तसाच हाय."

"काय?" लक्ष्मीकांताच्या कानांत अजून गिटारी वाजत होत्या.

"पानी!" निवृत्ती जिवाच्या आकांताने ओरडला. "पानी!"

"पुन्हा म्हणतोय! ऐकलंत का साहेब, निवृत्तीभाऊसुद्धा पुन्हा म्हणतोय!" लक्ष्मीकांताला भरून आलं. साहेब खुर्चीवर चढले, रंगराव चढले, शैलजा चढली आणि हजार तोंडांनी मळा दणाणला, "पुनश्च! पुनश्च!"

नियमाच्या दृष्टीने निवृत्तीचं काहीच चुकलं नव्हतं. तो पंप म्हणाला नव्हता, मोटार म्हणाला नव्हता. म्हणाला तो शब्द अस्सल मराठी होता. तरीही तो ऐकला गेला नाही, आणि याचा दोष एकट्या साहेबांना देणं बरोबर होणार नाही. निवृत्तीचं पुढे येईल, असं सुरुवातीलाच सांगितलं होतं. नंतर तो जीपपाशी हात जोडून उभा होता आणि लक्ष्मीकांताने पाय वर घेतला, तेव्हा आपणही मनातल्या मनात म्हटलं होतं, चला, सुटला एकदाचा, आता इंजिन ऐकायला मिळेल.